खाणीपासून दिव्यापर्यंत

कोळसा स्वस्त की महाग, असे कोणी विचारले तर त्यास प्रथम ‘कोठे?’ असे उलट विचारावयास हवे. खाणीच्या तोंडाशी पडलेला एक टन कोळसा आणि हजार किलोमीटर दूर असलेल्या विद्युत केंद्राच्या भट्टीशी पोहोचलेला तोच एक टन कोळसा, ह्या व्यवहाराच्या दृष्टीने दोन भिन्न वस्तू आहेत. पहिलीचा भाव वर्तमानपत्रांत छापून येतो. दुसरीचा भाव सहसा कोणी सांगत नाही. आणि आपल्या घरातला दिवा लागतो तो ह्या दुसरीवर.

आपल्या देशातील निम्म्याहून कितीतरी अधिक वीज आजही कोळशापासूनच तयार होते. कोळशाच्या मोठ्या खाणी झारखंड, ओडिशा, छत्तीसगड, पश्चिम बंगाल, मध्य प्रदेशाचा पूर्व भाग, तेलंगण आणि आपला विदर्भ ह्या पट्ट्यात आहेत. वीज मागणारी मोठी शहरे आणि कारखाने मात्र दिल्ली, पंजाब, गुजरात, मुंबई, तमिळनाडू असे चहूकडे पसरलेले. तेव्हा कोळशाने प्रवास करावयाचा, की कोळसा जागीच जाळून विजेने प्रवास करावयाचा, हा आपल्या ऊर्जाव्यवस्थेतील एक मूलभूत प्रश्न होऊन बसला आहे. त्याचे उत्तर खाणीच्या भावावरून मिळत नाही. खणणे, धुणे, भरणे, वाहणे, जाळणे, राख टाकणे आणि वीज घरी पोहोचविणे, ह्या सर्व पायऱ्यांचा खर्च एका माळेत ओवावा लागतो. नियोजनाच्या शास्त्रात ह्यालाच समग्र खर्चाचा हिशेब म्हणता येईल.

नाव मोठे असले तरी हा हिशेब आपल्या घरांत फार दिवसांपासून चालत आला आहे. वखारीतून जळण आणणारी गृहिणी ओले लाकूड दोन पैशांनी स्वस्त मिळाले तरी घेत नसे. ओल्या लाकडात पाणी असते. ते लाकडाच्या भावाने विकत घ्यावयाचे, डोक्यावरून वाहून आणावयाचे, आणि शेवटी चुलीत धूर सोसून ते सुकवावयाचे! भारतीय कोळशात पाण्याऐवजी राख आहे, एवढाच फरक. आपल्या विद्युत केंद्रांना मिळणाऱ्या कोळशात शंभर भागांपैकी तीस ते पंचेचाळीस भाग राखेचे असतात. मालगाडीच्या एका खेपेत सुमारे ४ हजार टन कोळसा जातो. त्यात चाळीस टक्के राख धरली तर सोळाशे टन माती आपण भाडे भरून देशभर फिरवितो, आणि वाघिणी रिकाम्या परत आणतो तो खर्चही त्याच भाड्यातून निघावा लागतो.

एक लहानसे गणित करून पाहू. आकडे सोयीसाठी घेतलेले आहेत. एका खाणीचा कोळसा टनामागे १२०० रुपयांना मिळतो आणि एका किलोग्रॅमपासून ३५०० किलोकॅलरी उष्णता देतो. दुसऱ्या खाणीचा कोळसा १८०० रुपयांना आहे, पण त्याची उष्णता ४५०० किलोकॅलरी. आपल्याला कोळसा नको आहे, उष्णता हवी आहे. म्हणून दर दहा लक्ष किलोकॅलरींना काय पडते ते पाहावे. खाणीच्या तोंडाशी पहिल्याला ३४३ रुपये पडतात, दुसऱ्याला ४००. अर्थात पहिला स्वस्त. आता दोहोंवर टनामागे २००० रुपये वाहतूक चढवा. पहिला होतो ९१४ रुपये आणि दुसरा ८४४. जो महाग होता तो स्वस्त ठरला! वाहतुकीचा खर्च टनामागे बरोबर ९०० रुपये असेल तर दोन्ही सारखे पडतात. त्याच्या अलीकडे हलका कोळसा परवडतो, पलीकडे भारी. ‘चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला’ ही म्हण ठाऊक नसेल असा मराठी माणूस नाही. पण मसालाच बारा आण्यांचा असेल तर कोंबडी चार आण्यांची घ्यावी की सहा आण्यांची, हा पुढचा विचार आपण सहसा करीत नाही.

हे शासनाला उमगले नव्हते असे नाही. खाणीपासून हजार किलोमीटरांहून दूर असलेल्या केंद्रांनी चौतीस टक्क्यांहून अधिक राखेचा कोळसा जाळू नये, असा नियम १९९७ साली निघाला. २०१४ साली तो टप्प्याटप्प्याने पाचशे किलोमीटरांपर्यंत जवळ आणण्याचे ठरले. आणि २०२० च्या मे महिन्यात तो नियमच मागे घेण्यात आला. कोळसा धुण्याचा खर्च येतो, धुताना काही चांगला कोळसाही वाया जातो, धुणावळीच्या जागी काळ्या पाण्याचा आणि टाकाऊ दगडाचा प्रश्न उभा राहतो, अशी कारणे त्यासाठी दिली गेली. आणि ती खोटी नाहीत. धुण्याचा खर्च टाळला की तो भाड्यात, बॉयलरच्या झिजेत आणि राखेच्या तळ्यात उगवतो. कोणता पर्याय बरा हे एकेका केंद्राचे अंतर आणि एकेका खाणीचा कोळसा पाहूनच ठरवावे लागेल. सर्व देशाला एकच नियम लावणे जितके ढोबळ, तितकेच तो सर्व देशातून उठविणेही ढोबळ.

करांचेही तसेच आहे. २०१६ पासून कोळशावर टनामागे ४०० रुपये उपकर होता. २०२५ च्या सप्टेंबरात तो रद्द होऊन त्याऐवजी वस्तू व सेवा कराचा दर वाढविण्यात आला. जो कर वजनावर बसतो तो राखेवरही बसतो. म्हणजे हलक्या कोळशाच्या उष्णतेवर त्याचा भार अधिक पडतो. जो किमतीवर बसतो त्याची चाल निराळी. अशा एका बदलाने कोणते केंद्र आधी चालवावे, हा क्रम बदलू शकतो. कारण आपल्याकडे ज्या केंद्राचा इंधनखर्च कमी त्याची वीज प्रथम घ्यावी, अशी पद्धत आहे.

आता रूळ की तार ह्या प्रश्नाकडे वळू. दिल्लीतील आणि आसपासच्या मराठी श्रोत्यांना दादरी हे नाव परिचयाचे असेल. ह्या एका ठिकाणी ऊर्जा दोन्ही वाटांनी येते. झारखंडातील पिपरवार खाणीचा कोळसा तेथील औष्णिक केंद्रासाठी रेल्वेने आणण्याची योजना झाली. आणि त्याच दादरीत, सोनभद्र जिल्ह्यातील रिहंदहून आठशेहून अधिक किलोमीटरांची उच्चदाब एकदिश प्रवाहाची तार १९९० नंतरच्या आरंभीच्या वर्षांत येऊन पोहोचली. ती दीड हजार मेगावॅट वीज वाहू शकते. रिहंदला कोळसा सिंगरौलीच्या खाणीतून थोड्याच अंतरावरून येतो. महाराष्ट्रातही १९९९ च्या सुमारास चंद्रपूर ते ठाणे जिल्ह्यातील पडघे अशी ७५२ किलोमीटरांची अशीच तार उभी राहिली. विदर्भाचा कोळसा चंद्रपुरात जळतो आणि मुंबईच्या परिसरात वीज उतरते.

तारेच्या बाजूने पुष्कळ बोलता येते. हजार मेगावॅटच्या केंद्राला पूर्ण चालविण्यासाठी दिवसाला चौदा हजार टनांच्या आसपास कोळसा लागतो, म्हणजे साडेतीन मालगाड्या. आणि तितक्याच परतीच्या रिकाम्या. तारेला परत यावे लागत नाही. वाटेत काही टक्के वीज उष्णतेच्या रूपाने निघून जाते, पण राखेचे ओझे जागीच राहते. मग सर्व केंद्रे खाणीशीच का बांधू नयेत? कारण तारेचा खर्च आरंभीच एकरकमी करावा लागतो: दोन टोकांची परिवर्तन केंद्रे, मनोरे, त्यांच्यासाठी जागा. रेल्वेचे भाडे मात्र रोज थोडे थोडे द्यावयाचे असते. आज खर्चावयाचा रुपया आणि पंचवीस वर्षांनी खर्चावयाचा रुपया ह्यांची तुलना करण्यासाठी व्याजाचा दर धरावा लागतो. दर चढा धरला की उद्याचे भाडे हलके वाटते आणि रूळ जिंकतो. उतरता धरला की तार जिंकते. कोणत्याही ऊर्जा-आराखड्यात तंत्रज्ञांच्या आकृत्यांहून हा व्याजाचा आकडा अधिक बोलका असतो, आणि तो बहुधा परिशिष्टात दडलेला असतो.

दुसरे कारण पाणी. औष्णिक केंद्राला थंडाव्यासाठी पाणी लागते. मराठवाड्यातील परळीच्या केंद्राची गोष्ट ह्या बाबतीत लक्षात ठेवण्याजोगी आहे. २०१३ साली आणि पुन्हा २०१५ साली पाण्याअभावी ते बंद ठेवावे लागले. कोळसा पैसे मोजून मागविता येतो. आटलेल्या गोदावरीकडून पाणी मागविता येत नाही. केंद्र बंद पडले तरी कर्जाचे हप्ते, नोकरवर्गाचे पगार आणि यंत्रांची देखभाल थांबत नाही. ज्या आराखड्यात पाण्याचा दर नाममात्र धरला जातो, त्यात दुष्काळाच्या वर्षाची किंमत शून्य धरल्यासारखेच होते. वास्तविक मराठवाड्यात पाण्याची खरी किंमत पाणीपट्टीवरून काढणे म्हणजे दुष्काळात धान्याचा भाव रेशनच्या फलकावरून काढण्यासारखे आहे.

भाडे हा शब्द मी आतापर्यंत सरळ अर्थाने वापरला. तोही तितका सरळ नाही. २०१६ नंतर रेल्वेच्या तिकिटांवर एक ओळ छापलेली अनेकांनी पाहिली असेल. प्रवासाच्या खर्चापैकी सरासरी सत्तावन्न टक्केच रेल्वेला वसूल होतात, अशा आशयाची ती ओळ होती. उरलेले त्रेचाळीस टक्के कोठून येतात? मालवाहतुकीच्या नफ्यातून, आणि मालवाहतुकीत सर्वांत मोठा वाटा कोळशाचा. तेव्हा कोळशाच्या भाड्यात कोळसा वाहण्याचा खर्च आहेच, पण गोरखपूरच्या किंवा मनमाडच्या प्रवाशाच्या तिकिटातील सवलतही आहे. ती सवलत देऊ नये असे मी म्हणत नाही. गरीब प्रवाशाला स्वस्त तिकीट मिळालेच पाहिजे. पण तिचा भार विजेच्या बिलावर घालून रूळ की तार ह्याचा निवाडा करावयाचा असेल, तर तराजूच्या एका पारड्याखाली कोणीतरी बोट लावून ठेवले आहे, एवढे तरी निवाडा करणाऱ्याला ठाऊक असावे. बोट दुसऱ्या बाजूसही लागते. २०२२ च्या एप्रिल-मेमध्ये उन्हाळ्याची मागणी वाढून केंद्रांपाशी कोळसा कमी पडला, तेव्हा कोळशाच्या गाड्यांना वाट देण्यासाठी अनेक प्रवासी गाड्या रद्द झाल्या. लग्नसराईत ज्यांचे प्रवास मोडले त्यांनी भरलेली ती किंमत विजेच्या कोणत्याही युनिटात मिळविलेली नाही.

वाहतुकीच्या खर्चाला हात लावला की काय घडते, ह्याचा मोठा धडा आपल्यापुढे आहे. १९५६ पासून १९९२ पर्यंत पोलादाचे भाडे देशभर समान ठेवण्याचे धोरण होते. जमशेदपूरच्या शेजारी कारखाना काढा की पुण्यात, पोलाद एकाच भावाने मिळे. हेतू चांगला होता. उद्योग सर्व देशात पसरावेत. परंतु खाण ज्यांच्या दाराशी होती त्या बिहार, बंगाल, ओडिशा आणि मध्य प्रदेशाचा निसर्गदत्त लाभ त्यामुळे पुसला गेला, आणि बंदरे व बाजारपेठा ज्यांच्यापाशी होत्या त्यांचा लाभ तसाच राहिला. विदर्भाच्या कापसाला असे समान भाडे कधी मिळाले नाही, असे बिहारी अभ्यासक म्हणत आले. त्यांचे म्हणणे रास्त आहे. मुंबई-पुण्याच्या कारखानदारीच्या भरभराटीत आपल्या माणसांच्या उद्यमशीलतेचा वाटा मोठा आहेच, पण धनबादहून भरल्या गेलेल्या भाड्याचाही थोडासा आहे, हे आपण मराठी लोकांनी मोकळेपणी मान्य करावे.

एका युनिटाचा दर हीसुद्धा फसवी वस्तू आहे. दाभोळच्या प्रकल्पाची आठवण अनेकांना असेल. १९९९ साली त्याचा ७४० मेगावॅटचा पहिला टप्पा सुरू झाला, तो नॅफ्था जाळून. करार असा होता की वीज घ्या अथवा घेऊ नका, केंद्राच्या क्षमतेचा आकार राज्याच्या विद्युत मंडळाने भरावयाचा, आणि त्याचा मोठा भाग डॉलरशी बांधलेला. मंडळ जितकी वीज कमी घेई तितका तो आकार कमी युनिटांवर वाटला जाई आणि दर चढे. दर चढला की मंडळ आणखी कमी वीज घेई. २००१ साली माधव गोडबोले ह्यांच्या अध्यक्षतेखालील समितीने ह्या कराराची चिकित्सा केली, आणि त्याच वर्षीच्या मे महिन्यात केंद्र बंद पडले. ‘युनिटला किती?’ ह्या प्रश्नाला ‘वर्षाकाठी किती युनिटे घेणार?’ हे विचारल्यावाचून उत्तर नाही.

सौर विजेच्या बाबतीत आज आपण हीच चूक उलट दिशेने करण्याचा संभव आहे. २०२० च्या डिसेंबरात गुजरातेतील लिलावात सौर वीज युनिटमागे १ रुपया ९९ पैशांपर्यंत उतरली. ह्या दराने पुष्कळांचे डोळे दिपले, आणि ते साहजिक होते. सूर्य भाडे घेत नाही, राख ठेवीत नाही. पण तो दर दुपारच्या विजेचा आहे, आणि आपल्या घरांतील दिवे तिन्हीसांजेला लागतात. दुपारची वीज रात्रीपर्यंत सांभाळून ठेवण्याचा खर्च त्यात नाही. अकोले तालुक्यातील घाटघर येथे २००८ साली २५० मेगावॅटचे उदंचन केंद्र सुरू झाले. मागणी कमी असताना विजेने पाणी सह्याद्रीच्या माथ्यावर चढवावयाचे आणि मागणी वाढली की तेच पाणी कोकणाच्या बाजूस सोडून वीज परत मिळवावयाची, अशी ती योजना. अशा योजनांत चढविण्या-उतरविण्यात साधारणपणे शंभरांतील वीस-पंचवीस युनिटे जातात. साठवणीचा हा खर्च, दूरच्या वाळवंटातून वीज आणणाऱ्या तारांचा खर्च, आणि ढगाळ दिवसांसाठी तयार ठेवलेल्या कोळशाच्या केंद्राचा खर्च मिळविला तरी अनेक ठिकाणी सौर वीजच स्वस्त पडेल, असे माझे मत आहे. पण ते बेरीज करून म्हणावे.

ह्या सर्व बेरजांपलीकडे एक रकाना उरतो, आणि तो भरणे सर्वांत अवघड. खोपोलीच्या जलविद्युत केंद्राने १९१५ पासून मुंबईच्या गिरण्यांना वीज देण्यास आरंभ केला. मुंबईला कोळसा नेहमीच दुरून आणावा लागे. त्या मानाने सह्याद्रीच्या पाण्याची वीज हा व्यवहार किफायतीचा, आणि धुराच्या दृष्टीने कितीतरी निर्मळ. समग्र खर्चाचा कोणताही हिशेब त्या काळी जलविद्युतेच्याच बाजूने निघाला असता. परंतु पुढच्या एका योजनेसाठी मुळशी पेट्यातील भातखाचरे पाण्याखाली जावयाची होती, आणि मावळ्यांनी १९२१ साली सेनापती बापट आणि विनायकराव भुस्कुटे ह्यांच्यासह सत्याग्रह मांडला. नुकसानभरपाई दिली गेली. पण अनेक जमिनी सावकारांकडे अडकलेल्या होत्या. पैसा तिकडे गेला आणि कसणारा रिकाम्या हाताने डोंगर चढला. कागदावर त्या जमिनीची किंमत चुकती झालेली होती! धरण झाले, १९२७ साली भिऱ्याचे वीजकेंद्रही चालू झाले.

सिंगरौलीची गोष्ट ह्याहून पुढची आहे. रिहंद धरणासाठी साठ सालाच्या सुमारास उठविलेली कुटुंबे जलाशयाच्या काठी जाऊन राहिली. पुढे त्याच परिसरात खाणी आणि औष्णिक केंद्रे आली, आणि त्यांतील अनेकांना पुन्हा उठावे लागले. खाणीशी केंद्र बांधणे स्वस्त, असे मी मघाशी म्हणालो. ते स्वस्त असण्याचे एक कारण असे की तेथे राख, धूर आणि विस्थापन ह्यांचा भाव खाली लागतो. २०२२ च्या जुलैत अतिवृष्टीत नागपूरजवळच्या कोराडी केंद्राचा खसाळा येथील राखेचा बंधारा फुटला आणि राखेचा गाळ आसपासच्या शेतांत पसरला. मुंबईत वा पुण्यात दिवा लावणाऱ्याला त्याची वार्ताही नसेल.

ह्या रकान्यात रुपयांचा आकडा घालावा की नाही, ह्यावर तज्ज्ञांत वाद आहे. काही म्हणतात, आकडा घातला नाही तर तो शून्य धरला जातो. दुसरे म्हणतात, गावाच्या देवळाचा, स्मशानाचा, शेजाऱ्याचा आकडा काढावयाचा म्हणजे जो काढील त्याच्या मर्जीचा खेळ. मला दोघांचेही पटते, आणि म्हणून असे वाटते की ज्याचे मोल निश्चित करता येते ते बेरजेत धरावे, आणि ज्याचे येत नाही ते बेरजेच्या खाली, त्याच पानावर, शब्दांत लिहावे: किती घरे उठतील, किती एकर पिकाऊ जमीन जाईल, कोणत्या नदीचे पाणी, कोणत्या महिन्यांत. परिशिष्टात लिहू नये. निर्णय करणाऱ्याची सही ज्या पानावर होते त्याच पानावर ते असावे.

हे सर्व तज्ज्ञांचेच काम आहे असे मात्र नाही. २००३ च्या विद्युत कायद्याप्रमाणे वीजदर ठरण्यापूर्वी कंपन्यांना आपला अर्ज प्रसिद्ध करावा लागतो, लोकांच्या सूचना आणि हरकती मागवाव्या लागतात, आणि राज्याराज्यांतील विद्युत नियामक आयोग त्यांचा विचार करून निर्णय देतो. आपण इंदुरात असा, बडोद्यात असा की सोलापुरात, आपल्या राज्याच्या आयोगापुढील तो अर्ज मिळवून पाहता येतो. त्यात खाणीचा भाव एका ओळीत असतो आणि केंद्रात पोहोचलेल्या कोळशाचा खर्च दुसऱ्या ओळीत. वाटेत होणारी घट किती धरावी ह्याचेही प्रमाण केंद्रीय आयोगाने ठरविलेले आहे: खाणीलगतच्या केंद्रांना ०.२ टक्के, दूरच्यांना ०.८ टक्के. खाणीवर भरताना कोणत्या प्रतीचा कोळसा म्हणून पैसे दिले आणि केंद्रात उतरविताना तो कोणत्या प्रतीचा निघाला, हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहावेत. त्यांत अंतर बरेच असेल तर हरकत लिहावयास एक साधा कागद पुरतो.